ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागलाय? सेन्सर बदलण्याआधी हे तपासा

डिंडोली (सुरत) : डिंडोली, उधना, लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. आखाजी, दिवाळी किंवा गावाकडचं लग्न असलं की बारडोली, व्यारा, सोनगडमार्गे नवापूर आणि पुढे कोंडाईबारी घाटातून धुळ्याकडे, हा ठरलेला रस्ता. निघायच्या तोंडावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लागला, की घाईत कोड पुसला जातो, नाहीतर थेट सेन्सर बदलला जातो. दोन्हीत मूळ बिघाड तसाच राहू शकतो.

दिवा काय सांगतो?

चिखलात चाक फिरताना दिवा लुकलुकला, तर यंत्रणा काम करतेय. दिवा कायम लागून राहिला, तर आधी ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण चुकून दाबलं गेलंय का, ते पाहा. तसं नसेल आणि सोबत एबीएसचाही दिवा असेल, तर बहुतेक वेळा संशय चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला जातो. दोन्ही यंत्रणा याच सेन्सरवर चालतात.

कोड कसा वाचायचा?

स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतात. स्वस्तातले बरेच स्कॅनर फक्त इंजिनचे ‘पी’ कोड दाखवतात. ब्रेक व चाकांचे कोड ‘सी’ने सुरू होतात, म्हणून एबीएस वाचणारा स्कॅनर हवा. उदाहरणार्थ, अनेक गाड्यांत सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. मात्र कंपनीप्रमाणे अर्थ बदलू शकतो. ‘पी’ कोडही दुर्लक्षू नका. इंजिनमध्ये बिघाड असला तरी काही गाड्या ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतात.

कोड म्हणजे पत्ता, निदान नव्हे

‘सर्किट’मध्ये सेन्सर, वायर, कनेक्टर सगळंच आलं. म्हणून क्रम असा ठेवा :

१. बॅटरीचा व्होल्टेज आणि चारही टायरचं माप व हवा तपासा. एक टायर वेगळ्या मापाचा असला तरी चाकाचा वेग वेगळा दिसतो.
२. चाक खोलून वायर घासली आहे का, कनेक्टरमध्ये पाणी किंवा गंज आहे का, ते पाहा.
३. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला चिखल, लोखंडाचा चुरा साफ करा. दातेरी किंवा चुंबकी रिंग फुटलेली नाही ना, बेअरिंगला प्ले नाही ना, हेही बघा.
४. मोकळ्या जागेत गाडी हळू चालवून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहा. स्कॅनर सोबतच्या माणसाच्या हाती द्या. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्य, तर बिघाड त्याच चाकाच्या सर्किटमध्ये.

एवढं झाल्यावरच सेन्सर बदला. मग कोड पुसा आणि एक फेरी मारून तो परत येतो का, ते पाहा. अलाइनमेंट केल्यानंतर दिवा लागला असेल, तर स्टीअरिंग अँगल सेन्सर पुन्हा सेट करावा लागू शकतो.

घाटात न्यायची का?

फक्त पिवळे दिवे असतील, तर साधा ब्रेक सहसा लागतो, पण ओल्या रस्त्यावर चाक घसरलं किंवा लॉक झालं तर सावरणारी मदत मिळत नाही. पावसाळ्यात घाट असेल, तर दुरुस्ती करूनच निघा. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गाडी जागच्या जागी थांबवा. हँडब्रेक ओढलेला नसेल, तर ब्रेक ऑइल आणि ब्रेक तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.