पिशवीच्या पैशातून बागा

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांना पातळ प्लास्टिक पिशवीसाठी किमान ५ पेन्स घेणं बंधनकारक झालं. मे २०२१ मध्ये ही रक्कम १० पेन्स झाली आणि नियम छोट्या दुकानांनाही लागू झाला. हा कर नव्हे. पैसा दुकानाकडेच राहतो. तो सत्कार्याला द्यावा, ही सरकारची फक्त अपेक्षा. मोठ्या दुकानांना मात्र हिशेब द्यावा लागतो.

टेस्को या सुपरमार्केट साखळीने २०१७ मध्ये ५ पेन्सची पिशवी बंद करून १० पेन्सची, पुन्हा पुन्हा वापरता येणारी जाड पिशवी ठेवली. पिशव्यांच्या विक्रीतून ‘ग्राउंडवर्क’ या संस्थेमार्फत स्थानिक कामांना अनुदान मिळायचं. बिल झालं की गिऱ्हाइकाच्या हातात एक निळं टोकन यायचं. दाराजवळच्या पारदर्शक पेटीत तीन कप्पे, तीन प्रकल्प: शाळेची बाग, खेळाचं मैदान असं काहीतरी. आवडेल त्यात टोकन टाकायचं. निर्णय गल्लीतल्या माणसांकडे आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

एक धोका आहे. जाड पिशवीला प्लास्टिकही जास्त लागतं. ती एकदाच वापरून फेकली तर नुकसान वाढतं. म्हणून पिशव्यांचा खप घटून हा निधी आटला, तरी ते चांगलंच.