कापडी टप बदलताना आधी पन्हळ तपासावी

मृग नक्षत्र जवळ आले, की गोमंतकातील कौलारू घरांची शाकारणी सुरू होते. फुटलेली कौले बदलली जातात, पन्हळींतील पालापाचोळा काढला जातो. कौले नवी घातली आणि पन्हळ तुंबलेलीच राहिली, तर पाणी भिंतीत उतरते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उघडमीट होणाऱ्या कापडी छपराच्या मोटारीलाही हाच न्याय लागू पडतो. इंग्रजीत ज्याला सॉफ्ट टॉप म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला टप किंवा हूड म्हटले जाते, ते छप्पर म्हणजे केवळ ताणून बसवलेले कापड नव्हे. पावसाचे पाणी गोळा करून ठरलेल्या वाटेने खाली सोडणारी ती एक पूर्ण व्यवस्था असते. कापड हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. मोटारीचे खरे नुकसान होते ते बहुधा न दिसणाऱ्या भागात.

हा टप घरच्या घरी बदलता येतो का, या प्रश्नाचे उत्तर गाडीवर अवलंबून आहे. बटण दाबताच विजेच्या मोटारीने किंवा तेलाच्या दाबाने आपोआप मिटणाऱ्या छपराला हौशी हात न लावणेच शहाणपणाचे. हाताने उघडमीट करायचा टप मात्र धीर असलेला कोणीही मालक बदलू शकतो. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे जपानी माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली आणि एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या गाडीच्या पहिल्या पिढीचे टप मालकांनी आपल्या गॅरेजमध्ये मोठ्या संख्येने बदलले आहेत. त्यामुळे या कामातील खाचाखोचा आता चांगल्याच ठाऊक झाल्या आहेत.

टपाची रचना

या टपाखाली लोखंडी कमानींचा एक सांगाडा असतो. कापडाची पुढची कड पुढच्या काचेवर टेकणाऱ्या आडव्या पट्टीला चिकटवलेली असते. दोन्ही बाजूंच्या कडांना नेफा शिवलेला असतो आणि नेफ्यातून नाडी ओवावी तशी त्यातून एक बारीक तार जाते. ही तार कापडाची कड दारांच्या काचांवर ताणून धरते. मागची कड प्लॅस्टिकच्या एका लांब पन्हळीला जोडलेली असते आणि ती पन्हळ धातूच्या पट्ट्यांनी व १० मिलिमीटरच्या नटांनी गाडीच्या पत्र्यावर आवळलेली असते.

मागच्या काचेवरून ओघळणारे पाणी या पन्हळीत पडते. तेथून ते दोन्ही टोकांकडे वाहते, आसनपट्ट्यांच्या खांबांमागील छिद्रांत शिरते आणि नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. पन्हळ तडकली किंवा नळी पाल्याने तुंबली, तर हे पाणी आसनांमागच्या गालिच्यात मुरते किंवा दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचते. वरून रंग शाबूत दिसत असतो आणि आतून पत्रा गंजत असतो. जुन्या एमएक्स-५ गाड्यांत मागच्या चाकांपुढील हाच पत्रा सर्वांत आधी कुजलेला आढळतो. टपाचे कापड बदलता येते. गाडीच्या मजबुतीचा आधार असलेला हा पत्रा कापून नवा जोडणे हे कितीतरी मोठे आणि खर्चिक काम आहे.

म्हणून नवे कापड मागवण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. पन्हळीच्या टोकाशी पेलाभर पाणी हळूहळू ओतावे. ते लगेच गाडीखाली आले, तर वाट मोकळी आहे. आले नाही, तर मऊ प्लॅस्टिकची लवचीक दोरी घालून नळी साफ करावी. कडक तार घालू नये. ती नळीला भोक पाडू शकते. पाणी टपातून न येता काचेभोवतीच्या सुकलेल्या रबरी पट्टीतूनही येत असते. तसे असेल, तर कापड बदलून काहीच साधणार नाही.

कापडाची निवड

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला विनाइलचा. तो स्वस्त, धुण्यास सोपा. मात्र उन्हाने कालांतराने कडक होतो. दुसरा तीन थरांचा. त्यात वर अॅक्रिलिकचे विणलेले कापड, मधे रबर आणि आत सुती किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. तो महाग असला, तरी घडीवर लवकर चिरत नाही आणि आवाजही कमी आत येऊ देतो. मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची असावी की काचेची, हेही ठरवावे लागते. प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते, ओरखडते आणि रात्रीच्या प्रवासात मागचे दिवे धूसर दिसू लागतात. काच तशीच स्वच्छ राहते. पण ती आपल्या गाडीच्या घडीत नीट बसते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. नव्या टपासोबत नवी पन्हळही मागवावी. जुनी वरून ठीक दिसली, तरी वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती ठिसूळ झालेली असते आणि नट सोडवताना तडकते.

प्रत्यक्ष काम

सुटीचे दोन दिवस आणि एक मदतनीस हाताशी ठेवावा. दिवस कोरडा व उबदार असावा. मात्र काम सावलीत करावे. थंडीत विनाइल ताणले जात नाही, तर भर उन्हात डिंक बसवण्याआधीच सुकतो.

कामाचा आरंभ पान्याने न करता छायाचित्रांनी करावा. प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्क्रू सोडवण्यापूर्वी त्याचे चित्र घ्यावे आणि सुटे भाग नावे लिहिलेल्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. आसनांमागचा गालिचा उचलला, की पन्हळीवरचे नट दिसतात. ते सोडवून धातूच्या पट्ट्या काढाव्यात. मग दोन्ही बाजूंचे तीन-तीन बोल्ट काढले, की सांगाडा सुटतो. बोल्ट काढण्यापूर्वी त्यांच्याभोवती रंगाने खूण करावी, म्हणजे परत बसवताना सांगाडा नेमक्या जागी येतो. तो दोघांनी मिळून उचलावा. त्याच्या बिजागऱ्यांत बोट सापडले, तर दुखापत गंभीर होऊ शकते. कापड गाडीवरच बदलण्यापेक्षा सांगाडा चादर अंथरलेल्या टेबलावर ठेवून काम केले, तर पाठ वाचते आणि गाडीचा रंगही.

त्यानंतर रबरी पट्ट्या अलगद सोडवाव्यात. त्या न फाटता निघाल्या, तर पुन्हा वापरता येतात. रिव्हेट ड्रिलने काढावे लागतात. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा हवाच. निघालेले जुने कापड फेकून देऊ नये. नवे कापड कोठे दुमडायचे, कोठे भोक पाडायचे, याचा तोच सर्वांत विश्वासू नमुना असतो. उघड्या पडलेल्या सांगाड्यावरील जुना डिंक खरवडावा, गंज घासून रंगाचा हात द्यावा आणि कमानींना जोडणारे कापडी पट्टे सैल झाले असल्यास बदलावेत. हा टप्पा गाळण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण सैल पट्ट्यांवर ताणलेले नवे कापडही काही दिवसांत खोलगट होते आणि त्या खळग्यात पाणी साचते.

नवे कापड बसवताना मध्यरेषा हाच आधार. कापडाच्या आणि प्रत्येक कमानीच्या बरोबर मध्यावर खडूची खूण करावी व त्या खुणा जुळवून मागून पुढे यावे. आधी मागच्या खिडकीवरील कमान, नंतर बाजूंच्या तारा आणि शेवटी पुढची कड. तयार टपांवर बहुधा खुणा किंवा भोके आधीच केलेली असतात. तरीही डिंक लावण्यापूर्वी सांगाडा गाडीवर तात्पुरता बसवून, टप मिटवून, सुरकुत्या कोठे पडतात ते पाहावे. या कामातील बहुतेक चुका कापण्याच्या घाईतून होतात. वाढीव कापड सर्व काही जुळल्यानंतर, अगदी अखेरीस कापावे.

डिंक उष्णता सोसणारा असावा. साधा डिंक उन्हात तापलेल्या पत्र्यावर मऊ पडतो आणि पुढची कड सुटते. तो दोन्ही पृष्ठभागांवर लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच कापड दाबावे. या डिंकाच्या वाफा ज्वालाग्राही असतात. म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास आगीची ठिणगी किंवा कापड शेकण्याचे यंत्र असू नये.

नवा टप पहिल्यांदा लावताना अतिशय घट्ट वाटतो. तो तसाच असायला हवा. पुढच्या कड्या लागत नसल्यास त्यांचे आकडे थोडे सैल करावेत, टप लावून गाडी काही दिवस उन्हात उभी करावी आणि कापड सैलावल्यावर आकडे पुन्हा कसावेत. या काळात टप मिटून ठेवू नये. शेवटी नळीने हलक्या धारेचे पाणी मागून पुढे सोडून आत कोठे ओल येते ते पाहावे.

गोव्यातील जीपगाड्या

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही. गोव्याच्या रस्त्यांवर कापडी टप दिसतो तो मारुती जिप्सीवर आणि महिंद्र थारवर. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारलाही कापडी टपाचा पर्याय देण्यात आला. जुन्या जीपगाड्यांचा टप बदलणे त्या मानाने सोपे. तेथे डिंक फारसा नसतो. पट्टे, बकले, टिच बटणे आणि चेन यांवरच सारी मदार असते. पण किनाऱ्यावरील खारी हवा नेमकी याच धातूच्या वस्तूंना खाते. चेन अडू लागली, तर ओढाताण करण्यापूर्वी तिच्यावर मेण घासावे. टिच बटणे गोड्या पाण्याने धुवावीत.

कुशनवाल्याकडून टप शिवून घेताना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. दोरा सुती नसावा, पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा पावसाने कुजतो. शिवणीवर जलरोधक पट्टी किंवा लेप असावा. आणि जोड देताना वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर यावा, कौले चढवतात तसा, म्हणजे वाहते पाणी शिवणीत शिरणार नाही. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हा फरक पहिल्याच आषाढात दिसून येतो.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. जुन्या टपाच्या जागी त्याच प्रकारचा नवा टप बसवणे ही दुरुस्ती होय. पक्क्या छपराची गाडी कापून तिला कापडी टप बसवणे हा मात्र मूळ रचनेतील बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांना आळा घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे.

टप नवा झाला, तरी त्याची निगा जुन्याच पद्धतीची. ओला टप कधीही मिटून ठेवू नये. दोन दिवसांत घडीत बुरशी धरते. पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक लगेच पाण्याने धुवावा, प्लॅस्टिकची खिडकी कोरड्या फडक्याने पुसू नये आणि दाबाच्या फवाऱ्याने शिवणी धुऊ नयेत. वैशाखात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, पन्हळीत पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली येते की नाही, एवढे पाहावे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात; ती टाळली, तर कापड कितीही उत्तम असो, गाडीचा पत्रा वाचत नाही.