'कॉन्टेस्ट' : स्पर्धा, विवाद आणि साक्ष

इंग्रजी समीक्षाग्रंथांचा मराठीत अनुवाद करणाऱ्यास काही शब्द असे भेटतात की, ते अवघड आहेत अशी शंकाही त्यास येत नाही. 'कॉन्टेस्ट' हा त्यांपैकी एक होय. नाम असेल तर 'स्पर्धा', क्रियापद असेल तर 'लढवणे' आणि 'कॉन्टेस्टेड' असे विशेषण आले की 'वादग्रस्त', हे तीन पर्याय लेखणीच्या टोकावर सिद्धच असतात. पहिले दोन बहुधा निभावून जातात. तिसऱ्याने मात्र आपल्या समीक्षालेखनात बराच घोटाळा केला आहे, आणि तो समजून घेण्यासाठी शब्दाच्या मुळाकडे जाणे अवश्य आहे.

लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार आणि 'कॉन्टेस्टारी' म्हणजे साक्षीस पाचारण करणे. प्राचीन रोमन न्यायपद्धतीत खटल्याचे दोन टप्पे असत. पहिल्या टप्प्याच्या अखेरीस उभय पक्ष न्यायाधिकाऱ्यासमोर, साक्षीदारांच्या देखत, आपला वाद नेमका कशाविषयी आहे हे निश्चित करीत. या विधीस 'लिटिस कॉन्टेस्टाटिओ' म्हणत. त्यानंतरच प्रकरण निर्णयासाठी दुसऱ्या व्यक्तीकडे जाई. म्हणजे विरोध आणि संमती या दोहोंचा येथे एकाच कृतीत संगम होता. कशाबद्दल भांडावयाचे याविषयी एकमत झाल्याखेरीज भांडणास आरंभच होत नसे.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे आला तेव्हा त्यातील साक्षीदार हळूहळू मागे पडला आणि कलह तेवढा उरला. 'पॅरडाइस लॉस्ट'च्या नवव्या सर्गाच्या अखेरीस मिल्टनने अॅडम व ईव्ह यांच्या परस्परदोषारोपास हाच शब्द योजिला आहे. तेथे शर्यतीचा वा बक्षिसाचा गंधही नाही. वृत्ताच्या ओघात तेथे आघात दुसऱ्या अक्षरावर पडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे पोपच्या 'रेप ऑफ द लॉक'च्या आरंभी तेच नाम पहिल्या अक्षरावरील आघाताने येते. आज नामाचा आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर, अशी विभागणी स्थिर झाली आहे. जणू एकाच शब्दाची दोन घरे झाली : नामाच्या घरी सौंदर्यस्पर्धा आणि निबंधस्पर्धा, तर क्रियापदाच्या घरी मृत्युपत्रास हरकत घेणे, दावा नाकारणे, एखाद्याचे प्रतिपादन अमान्य करणे. (अमेरिकन न्यायालयांत आरोपी 'नो कॉन्टेस्ट' म्हणतो, ते मात्र या कुळातले नव्हे. ज्या लॅटिन वचनाचे ते भाषांतर आहे, त्यातील धातू 'कॉन्टेंडेरे', म्हणजे ताणणे, झटणे, हा आहे.)

इंग्रजीतील इतर स्पर्धावाचक शब्दांतही ही सहभागाची खूण दडलेली आहे. 'कॉम्पीट' म्हणजे मुळात एकत्र शोधणे, आणि 'रायव्हल' म्हणजे एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा शेजारी. आपला 'हरीफ'ही असाच दुहेरी आहे. फारसीत तो प्रतिस्पर्धी आहे तसाच सोबतीही आहे. मराठीत येताना त्याची मैत्री गळाली. आपल्या अन्य शब्दांचा भर निराळ्या जागी आहे. 'शर्यती'त अरबी 'शर्त' म्हणजे अट आहे, 'पैजे'त प्रतिज्ञा आहे, 'चढाओढी'त अंगमेहनत आहे, 'सामन्या'त समोरासमोर येणे आहे, आणि 'अहमहमिके'त तर 'मी, मी' असा घोषच आहे. साक्षीदार मात्र यांपैकी कोणातही नाही. हिंदी आणि बंगाली यांनी 'प्रतियोगिता' स्वीकारली, मराठीने 'स्पर्धा' ठेवली. पण या दोहोंतही तो नाही.

निवडणुकीच्या परिभाषेत या शब्दाने भारतात स्वतंत्र संसार थाटला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 53 मध्ये 'कॉन्टेस्टेड' निवडणूक म्हणजे जागांपेक्षा उमेदवार अधिक असल्याने जिच्यासाठी मतदान घ्यावे लागते ती. अमेरिकेत त्याच शब्दाने निकालास आव्हान दिलेली निवडणूक सूचित होते. आपल्याकडे त्यासाठी निवडणूक याचिका आहे. मराठीने 'निवडणूक लढवणे' हा रणांगणाचा प्रयोग पत्करला आणि उलट अर्थासाठी 'बिनविरोध' हा सुटसुटीत शब्द रूढ केला. व्यवहारात याने काही अडत नाही.

अडते ते समीक्षेत. 1956 साली डब्ल्यू. बी. गॅली या तत्त्वज्ञाने अॅरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे एक निबंध वाचला आणि कला, लोकशाही, सामाजिक न्याय यांसारख्या संकल्पना स्वभावतःच 'कॉन्टेस्टेड' असतात असे प्रतिपादिले. गंमत अशी की, हे सांगण्यासाठी त्याने दृष्टांत घेतला तो खेळाचाच. निरनिराळ्या शैलींनी खेळणारे संघ आहेत, प्रत्येकाचे पाठीराखे आपलाच संघ खरा विजेता मानतात, निकाल देणारा पंच नाही, आणि तरीही विजेतेपद म्हणजे काय याविषयीचा हा झगडा निरर्थक ठरत नाही. विभक्त झालेली दोन घरे येथे पुन्हा एकत्र आली.

अशा संकल्पनेस 'वादग्रस्त' म्हणणे म्हणजे तिच्यावर डाग ठेवणे होय. 'ग्रस्त' म्हटले की रोग, दुष्काळ आणि ग्रहण यांची आठवण होते. भरताच्या रससूत्रातील 'निष्पत्ती' या शब्दाचा अर्थ भट्टलोल्लटाने उत्पत्ती, शंकुकाने अनुमिती, भट्टनायकाने भुक्ती आणि अभिनवगुप्ताने अभिव्यक्ती असा केला. म्हणून 'निष्पत्ती' ही वादग्रस्त संकल्पना आहे असे कोणी लिहिले, तर वाचकास भरताच्या हातून काही गैरप्रकार घडला असावा असे वाटेल. वस्तुतः या मतभेदानेच त्या शब्दाला शतकानुशतके जिवंत ठेवले.

पर्याय आपल्या शास्त्रातच आहे. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी चाललेला जल्प आणि केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी वितंडा असा भेद केलाच आहे. परंतु माझ्या मते अधिक उपयुक्त शब्द 'विप्रतिपत्ती' हा आहे : एकाच विषयासंबंधी परस्परविरुद्ध प्रतिपादने. उत्तरकालीन शास्त्रार्थाच्या आरंभी मध्यस्थाने विप्रतिपत्तिवाक्य मांडावे असा संकेत होता. मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'च्या प्रारंभीच त्याच्या आवश्यकतेची चर्चा केली आहे. उभय पक्ष, तिऱ्हाईत आणि वादविषयाची आधी निश्चिती : रोमन विधीचीच ही सर्व अंगे येथे दिसतात, आणि त्यासाठी कोणी कोणाचे अनुकरण केले असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून 'कॉन्टेस्टेड' संकल्पनेस 'विप्रतिपन्न' संकल्पना म्हणावे असे मी सुचवितो. शब्द जड आहे, हे मान्य. शिवाय गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो गोंधळलेल्या बुद्धीचे विशेषण म्हणून आला आहे, हा आक्षेपही निघेल. पण तेथेही गोंधळाचे कारण परस्परविरोधी वचने हेच आहे, तेव्हा मूळ अर्थापासून तो फार ढळलेला नाही. क्रियापदाची अडचण मात्र याने सुटत नाही. एका समीक्षकाने दुसऱ्याने लाविलेला अर्थ 'कॉन्टेस्ट' केला, तर मराठीत काय लिहावे? 'आव्हान दिले' यात दंड थोपटल्याचा आवाज येतो, 'खोडून काढला' यात निकाल आधीच लागलेला असतो. तूर्त मी कचेरीतील 'हरकत घेतली' हाच प्रयोग वापरतो. तो रुक्ष आहे, पण त्यात दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्यास वाव उरतो.