इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणाची जागा

अमेरिकेच्या राज्यघटनेने तेथील अध्यक्षाच्या शपथेचे शब्द ठरवून दिलेले आहेत. अध्यक्षपदाचे काम मी निष्ठापूर्वक पार पाडीन, अशा अर्थाच्या त्या वाक्यात 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट' असा क्रम आहे. 20 जानेवारी 2009 रोजी बराक ओबामा यांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या तोंडून 'फेथफुली' हा शब्द आपल्या जागेवरून सुटला आणि वाक्याच्या शेवटी जाऊन बसला. ओबामा क्षणभर अडखळले. पुढे शपथेच्या वैधतेविषयी शंकेला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा देण्यात आली. एका क्रियाविशेषणाने आसन बदलले म्हणून एवढा खटाटोप करावा लागला!

क्रियाविशेषणाच्या जागेला इंग्रजीत एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी प्रथम आपल्या भाषेकडे पाहावे. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' या दोन्ही वाक्यांत मारणारा रामच राहतो. शब्दाच्या अंगावर विभक्तीचा प्रत्यय असल्यामुळे तो कोठेही बसला तरी त्याचे नाते हरवत नाही. इंग्रजीतही एके काळी असे प्रत्यय विपुल होते. पण ते शतकानुशतके झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. ज्या भाषेत प्रत्यय बोलत नाहीत, तेथे जागा बोलू लागते.

कर्ता, क्रियापद आणि कर्म यांच्या जागा इंग्रजीत जवळजवळ पक्क्या आहेत, आणि आपले विद्यार्थी त्या लवकर शिकतात. क्रियाविशेषण मात्र हिंडते-फिरते असते. म्हणूनच चांगले इंग्रजी जाणणाराही तेथे फसतो. आपण 'तो उत्तम इंग्रजी बोलतो' असे म्हणतो, आणि त्याच ओघात 'ही स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश' असे लिहून जातो. इंग्रजाच्या कानाला ते खटकते. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घुसवू नये, हा इंग्रजीचा खरा आणि कडक नियम होय. 'ही स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल' हे त्याचे शुद्ध रूप.

'ऑलवेज', 'नेव्हर', 'ऑफन' अशा वारंवारता दाखवणाऱ्या शब्दांची रीत थोडी निराळी आहे. साध्या क्रियापदाच्या ते आधी येतात : 'ही ऑलवेज कम्स लेट'. 'इज', 'वॉज' यांच्या ते मागून येतात : 'ही इज ऑलवेज लेट'. आणि साहाय्यक क्रियापद असेल, तर पहिल्या साहाय्यकानंतर त्यांची जागा असते : 'ही हॅज ऑलवेज कम लेट'. शपथेतील 'विल फेथफुली एक्झिक्यूट' हा क्रमही साहाय्यक आणि मुख्य क्रियापद यांच्यामधल्या याच जागेचा आहे. ती जागा इंग्रजीला अगदी स्वाभाविक वाटते.

आता ज्या नियमावरून इंग्रजी वैयाकरणांत शंभरांहून अधिक वर्षे वाद चालला, त्याकडे वळू. इन्फिनिटिव्ह म्हणजे 'टु गो', 'टु रीड' असे 'टु' पुढे ठेवून येणारे क्रियापदाचे रूप. आपल्या 'जाणे', 'जावयास' या रूपांचे, किंवा संस्कृतातील 'गन्तुम्' याचे काम ते करते. आपली ही रूपे एकशब्दी असल्यामुळे त्यांच्या पोटात दुसरा शब्द शिरूच शकत नाही. प्राचीन इंग्रजीतही असे रूप प्रत्ययाने सिद्ध होत असे. पुढे प्रत्यय गळाला, 'टु' हा सुटा शब्द त्याची खूण म्हणून उरला, आणि 'टु' व क्रियापद यांच्यामध्ये फट पडली. त्या फटीत क्रियाविशेषण बसू लागले, त्याची उदाहरणे तेराव्या शतकापासून मिळतात. मध्यंतरी हा प्रघात बराच मागे पडला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तो पुन्हा वाढला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला. कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 1864च्या सुमारास आपल्या 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात त्याचा निषेध केला. लवकरच शाळाशाळांतून 'टु' आणि क्रियापद यांची फारकत करणे हा अपराध ठरला.

या नियमाचे पालन करताना काय घडते ते पाहा. एका संस्थेने आपले शुल्क हळूहळू रद्द करण्याचे ठरवले. नियमाच्या भीतीने चिटणीस लिहितो : 'द कमिटी डिसायडेड ग्रॅज्युअली टु अबॉलिश द फी'. यात हळूहळू काय झाले? ठरवणे की रद्द करणे? वाचणाऱ्याला कळत नाही, आणि पुढे पैशांचा प्रश्न निघाला म्हणजे यावरून भांडण होऊ शकते. 'डिसायडेड टु ग्रॅज्युअली अबॉलिश' असे लिहिल्यास संशय राहत नाही. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. 'ही कम्प्लीटली फेल्ड टु अंडरस्टँड' म्हणजे त्याला मुळीच समजले नाही. 'ही फेल्ड टु कम्प्लीटली अंडरस्टँड' म्हणजे समजले, पण पुरते समजले नाही. एखाद्या विद्यार्थ्याविषयी किंवा नोकराविषयी अभिप्राय लिहिताना या दोन वाक्यांत केवढे अंतर पडते, हे सांगावयास नको.

येथे एक गंमत लक्षात येते. 'त्याने लवकर निघावयाचे ठरवले' आणि 'त्याने निघावयाचे लवकर ठरवले' यांतील भेद आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. विशेषण ज्या क्रियेचे, तिच्या लगत आधी ते ठेवावे, अशी आपल्या कानाची सवय आहे. 'टु ग्रॅज्युअली अबॉलिश' या निंदित रचनेतही क्रियाविशेषण आपल्या क्रियेच्या लगत आधीच बसलेले असते. तेव्हा या एका बाबतीत मराठी कानाने बिचकण्याचे कारण नाही. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी 1926 सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात हाच कौल दिला : विनाकारण फारकत करू नये, पण संदिग्धता किंवा कृत्रिमपणा पत्करण्यापेक्षा ती केलेली बरी. आजचे बहुतेक जाणते व्याकरणकार याच मताचे आहेत.

क्रियापदाशी सलगी करणारा क्रियाविशेषणांचा आणखी एक वर्ग आहे : 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन'. 'गिव्ह' म्हणजे देणे, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे. एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार घडवणाऱ्या आपल्या उपसर्गांचेच हे भाईबंद. फरक इतकाच, की इंग्रजीतले हे शब्द सुटे राहतात. 'पुट ऑन द कोट' चालते, 'पुट द कोट ऑन' हेही चालते. मात्र कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच आले पाहिजे : 'पुट इट ऑन'. हा सुटेपणा आपल्या परंपरेला अपरिचित नाही. उपसर्ग धातूच्या आधी येतात, परंतु वेदांत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्दांचे व्यवधान असतानाही आढळतात, अशी नोंद पाणिनीने करून ठेवली आहे.

राहता राहिला 'ओन्ली'. आपण 'मीच', 'त्यालाच', 'सोमवारीच' असा 'च' हव्या त्या शब्दाला चिकटवतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत 'आय ओन्ली सॉ हिम ऑन मंडे' हे वाक्य बोलताना आवाजाचा आघात ज्या शब्दावर पडेल, त्याप्रमाणे अर्थ बदलतो. कागदावर तो आघात उमटत नाही. म्हणून लिहिताना 'ओन्ली' ज्याच्यासाठी आहे त्याच्या शेजारी ठेवावा : 'ओन्ली ऑन मंडे'.

इतके नियम ऐकून कोणी गांगरून जाऊ नये. अर्ज, करारपत्र किंवा महत्त्वाचे पत्र लिहून झाले, की प्रत्येक क्रियाविशेषणावर बोट ठेवावे आणि विचारावे : हे कोणत्या क्रियेचे? उत्तर एकच आले, तर वाक्य शुद्ध समजावे. दोन उत्तरे आली, तर ते क्रियाविशेषण उचलून दुसरीकडे ठेवावे, मग ते 'टु'च्या पाठीशी जाऊन बसले तरी हरकत नाही.