चिल्लरचं वेबिल

कंडक्टरकी सुटली तरी वेबिल सुटत नाही. बेस्टमध्ये एकतीस वर्षं, फेरी संपली की कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत तिकिटं गेली ते मी वेबिलाच्या कागदावर मांडत आलो. आता दुधाचा हिशेब, गॅसच्या टाकीची तारीख, बीपीच्या गोळ्या, सगळं तसंच मांडतो. ही हसते. पण आमचं कुत्र्याचं पिल्लू पार्व्हो नावाच्या आजारातून उठलं त्यात ह्या सवयीचा वाटा आहे. आणि खरं सांगायचं तर ते आजारी पडलं तेही मी पुढे ढकललेल्या एका तारखेमुळे.

पिल्लाचं नाव चिल्लर. काळाचौकीला आमच्या चाळीमागे बंद गिरणीची पडकी भिंत आहे. तिथे एका काळ्या कुत्रीला चार पिल्लं झाली, त्यातलं सगळ्यांत बारकं पोरीनं उचलून आणलं. सात आठवड्यांचं असताना पहिली लस टोचली. डॉक्टर मॅडमनी कार्डावर पुढची तारीख लिहून दिली, ती नेमकी गणपतीत आली. लालबागच्या आसपास राहणाऱ्याला विचारा, त्या दहा दिवसांत कोपऱ्यापर्यंत जायचं म्हणजे काय असतं. मी कार्डावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘विसर्जनानंतर’. एक डोस झालाय, आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं, असा माझा हिशेब.

तो हिशेब कुठे चुकला ते मला नंतर कळलं. पिल्लाच्या अंगात पहिले काही आठवडे आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती असते. ती लसीलाही शत्रू समजते आणि निकामी करते. पुढे ती ओसरत जाते, आणि मधे असे काही दिवस येतात की लस लागू पडू न देण्याइतकी ती शिल्लक असते, पण खरा रोग अडवण्याइतकी नसते. हे दिवस कुठल्या पिल्लाचे कधी येतील हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत राहायचं, ते पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. एक डोस म्हणजे अर्ध्या रस्त्याचं तिकीट. आणि पिल्लू घराबाहेर गेलं नाही म्हणून सुटत नाही. पार्व्होचा व्हायरस आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीवर येतो आणि चपलेला चिकटून घरात येतो. गणपतीत आमच्या दारात किती चपला पडल्या असतील, ते मोजायला मीही धजणार नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चिल्लर खाटेखालून बाहेरच येईना. दुपारी पांढऱ्या फेसाची उलटी, मग पिवळी. संध्याकाळपर्यंत रक्ताचे जुलाब. त्याला जो वास असतो तो एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. चाळीत वैद्य भरपूर. कुणी दही-भात सांगितला, कुणी हळदीचं पाणी, कुणी म्हणालं सरळ परळला बैलघोड्याला न्या. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाच्या त्या जनावरांच्या इस्पितळाला आमच्याकडे अजून बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. लहानपणी मला वाटायचं तिथे फक्त बैल आणि घोडेच घेतात. मी मात्र घरीच एक चूक केली आणि दुसरी करता करता राहिलो. साखर-मिठाचं पाणी चमच्यानं घशात ओतलं, ते सगळं उलटून आलं. मग पॅरासिटामॉलची अर्धी गोळी हातात घेतली, तेवढ्यात पोरगी ओरडली, “बाबा, थांबा!” आणि फोन लावला. माणसांच्या तापाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याचं लिव्हर, किडनी, पोट बिघडवतात. उलट्या होणाऱ्या पिल्लाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. दोन्ही गोष्टी मॅडमनी मला त्याच संध्याकाळी, जरा चढ्या आवाजात समजावल्या.

मॅडमच्या दवाखान्यात नेलं. तपासणी कोविडच्या वेळेसारखीच, फक्त नाकाऐवजी दुसऱ्या टोकाची. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. रक्तात पांढऱ्या पेशी १,८००, त्या निदान ६,००० तरी हव्यात.

“आधी असला रोग कधी ऐकला नव्हता,” मी म्हणालो.

“१९७८ च्या आधी कुणीच ऐकला नव्हता, काका.”

मांजरांच्या एका व्हायरसशी जवळचं नातं असलेला हा व्हायरस त्या सुमाराला कुत्र्यांमध्ये उघड झाला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. माणसाला तो होत नाही. पिल्लाच्या अंगात शिरल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. त्याला झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी लागतात, आणि तशा पेशी दोन ठिकाणी असतात, आतड्यात आणि हाडांच्या मगजात. आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, वर बारीक बारीक फासे. अन्न शोषतात ते हे फासे. त्यांच्यावरच्या पेशी चार-पाच दिवसांत झिजतात आणि तळातून नव्या येतात. व्हायरस नेमका तळावर बसतो. मी मनात चित्र केलं: डेपोतून नवी गाडी सुटतच नाही, आणि रस्त्यावरच्या एकेक बंद पडत जातात. टॉवेल गुळगुळीत होतो, पाणी आणि रक्त बाहेर वाहू लागतं, आतड्यातले जंतू उघड्या भिंतीतून रक्तात शिरतात. त्यांना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशी मगजात तयार व्हायच्या, तर तो कारखानाही बंद.

“मग औषध काय?”

“ह्या व्हायरसला मारणारी गोळी नाही. आतडं ते स्वतःच पुन्हा बांधतं. तोवर आपण त्याला उभं ठेवायचं.”

उभं ठेवायचं म्हणजे पुढच्या पायात सुई, शिरेतून सलाईन, त्यात लागेल तसं ग्लुकोज आणि पोटॅशियम, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि अँटिबायोटिक. हे अँटिबायोटिक व्हायरससाठी नसतं, रक्तात शिरणाऱ्या जंतूंसाठी असतं. असे उपचार वेळेवर मिळाले तर दहातली आठ-नऊ पिल्लं वाचतात. नाही मिळाले तर बहुतेक जातात, व्हायरसनं नव्हे तर अंगातलं पाणी आटून आणि जंतू रक्तात पसरून.

दवाखान्यात रात्री ठेवायची सोय नव्हती. सकाळ-संध्याकाळ टॅक्सीनं न्यायचं, प्लास्टिकच्या टबात जुन्या साडीवर निजवून, आणि रात्र घरी काढायची. पहिल्याच रात्री मी वही उघडली. रकाने पाडले: वेळ, उलटी, जुलाब, हिरड्या, ताप. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच खाली बसायला हवी, ती तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी पडलंय. कुत्र्याचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ताप नव्हेच, ते त्याचं नेहमीचं. उलट ९९ च्या खाली आला तर मध्यरात्रीही फोन करा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. ‘२.१०, उलटी पिवळी, चमचाभर. २.५०, पुन्हा. ३.१५, जुलाब, लाल.’ असल्या नोंदी मी आयुष्यात कधी केल्या नव्हत्या, पण हात सवयीनं चालत होता, आणि हात चालला की डोकं घाबरत नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी वही हातात घेतली आणि बराच वेळ वाचली. मला वाटत होतं पिल्लू आहे तसंच आहे. त्यांनी दाखवलं, दोन उलट्यांमधलं अंतर ४० मिनिटांवरून ५ तासांवर गेलं होतं. “आज खायला घालू,” त्या म्हणाल्या.

मी चक्रावलो. पोट बिघडलं की लंघन, हे आपल्या हाडात मुरलेलं. पूर्वी पार्व्होतही पिल्लांना उपाशी ठेवत असत. पण आतड्याच्या पेशींचं बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नावरच होतं, त्यामुळे लवकर आणि थोडं थोडं खाऊ घातलेली पिल्लं लवकर उठतात असं आता दिसून आलंय. डॉक्टरांकडचं आजारी कुत्र्यांचं मऊ अन्न कोमट करायचं, बिनसुईच्या सिरिंजमध्ये ३ मिली घ्यायचं आणि गालाच्या पिशवीत हळू सोडायचं, तेही तो गिळतोय हे बघून. दर दोन तासांनी. पोटात राहिलं तर ५ मिली. उलटी झाली तर थांबायचं आणि कळवायचं. वहीत एक रकाना वाढला.

ह्या सगळ्यात ही फिनाईलनं घर पुसत होती, दिवसातून चार वेळा. तेही फुकट. कोविडच्या व्हायरसला चरबीचं वेष्टण असतं, साबणानं ते फुटतं. पार्व्होला वेष्टणच नाही. फिनाईल, सॅनिटायझर त्याचं फारसं काही बिघडवत नाहीत. लागतं ते ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आधी घाण धुऊन काढून मग फरशीवर दहा मिनिटं ओलं ठेवायचं. त्यात फिनाईल-बिनाईल मिसळायचं नाही. मातीत, सावलीच्या ओलसर जागी हा व्हायरस महिनोन्‌महिने टिकतो. टब, साडी, पायपुसणं आम्ही टाकूनच दिलं.

पाचव्या दिवशी पांढऱ्या पेशी ४,२०० झाल्या. सहाव्या दिवशी त्यानं सिरिंज चावली, वहीत मी ती नोंद लाल शाईनं केली. मग बिनहाडाची कोंबडी उकडून, मऊ भातात कुस्करून. मीठ नाही, तेल नाही, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याला कधीच नाही, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. दूधही नाही, सोललेल्या आतड्याला ते पचत नाही. ही मालवणची. “असलं पांचट मी आजवर कुणाला वाढलं नाही,” असं रोज म्हणत रोज शिजवत होती. नवव्या दिवशी सकाळी शी घट्ट झाली. ही बातमी मी गॅलरीतून ओरडून सांगितली, आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बरं झालेलं पिल्लूसुद्धा काही आठवडे विष्ठेतून व्हायरस सोडू शकतं, म्हणून महिनाभर त्याला इतर कुत्र्यांजवळ नेलं नाही. राहिलेले डोस मॅडमनी सांगितलेल्या तारखांना झाले. त्या तारखा शाईनं लिहिल्या.

ह्या धावपळीत गिरणीच्या भिंतीपाशी बघायला मी गेलोच नव्हतो. गेलो तेव्हा चिल्लरच्या तीन भावंडांपैकी दोन नव्हती. उरलेली मादी, पांढऱ्या पंजांची, भिंतीच्या फटीतून बघत होती. तिला पोत्यात घालून लसीला नेलं. घरी आणता येत नाही, फरशी ब्लीचनं धुतली तरी गॅलरीच्या कुंड्यांतली माती आणि लाकडी जिन्याच्या फटी धुता येत नाहीत, आणि तिचे डोस अजून पुरे व्हायचेत. वहीत तिच्यासाठी पान काढलंय, पण वर नाव नाही. ही म्हणते, “नाव ठेवलंत की ती घरात येणार, मला ठाऊक आहे.” पुढचा डोस २६ तारखेला आहे.