चवड्यांवर चालणारी मुले

नुकतेच चालू लागलेले मूल पुष्कळदा टाचा उचलून केवळ चवड्यांवर चालते. पहिले काही महिने यात विशेष असे काही नसते. तोल सावरणे अद्याप अंगवळणी पडलेले नसते. दोन-तीन वर्षांचे होईतो बहुतेक मुलांची टाच आधी आणि चवडा मागाहून टेकू लागतो. त्यानंतरही ही चाल टिकून राहिली, तर मात्र कारण शोधावे लागते.

बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. स्वीडनमधील साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अशी चालत असत. निम्म्याहून अधिकांची सवय तोवर आपोआप सुटलीही होती. दहाव्या वर्षापर्यंत पाचांपैकी चौघांची सुटली. अशा मुलाच्या आईची किंवा वडिलांची चालही लहानपणी तशीच होती, असे चौकशीअंती अनेकदा कळते.

परंतु काही मुलांत ही चाल दुसऱ्याच विकाराची खूण असते. मेंदूच्या पक्षाघातात पोटरीचे स्नायू ताठ राहतात व टाच वर ओढली जाते. स्वमग्न मुलांतही ही चाल अधिक आढळते. एकच टाच उचलली जात असेल, तर खुब्याचा सांधा निखळलेला आहे काय, हे पाहिलेच पाहिजे. अगोदर टाच टेकून चालणारे मूल नंतर चवड्यांवर चालू लागले, तर विलंब करू नये.

सर्वांत फसवा विकार म्हणजे ड्यूशेनचा स्नायुक्षय. तो बहुतांशी मुलग्यांना होतो. पोटऱ्या भरदार दिसतात व घरी त्याचे कौतुक होते. वस्तुतः तेथे स्नायूंची जागा चरबी व तंतू घेत असतात. जमिनीवरून उठताना असा मुलगा स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकून वर येतो. रक्ताच्या एका साध्या तपासणीने संशय दृढ होतो.

बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरीसारख्या वस्तीतील कुटुंबाला या तपासणीसाठी शहर सोडावे लागत नाही. १९७४ साली आकारास आलेली निम्हान्स ही मज्जाविकारांची संस्था होसूर रस्त्यावर आहे. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. खेड्यांतील मुलांसाठी २०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुले तपासतात.

उपचार घोट्याच्या लवचिकपणावर अवलंबून असतो. पाऊल सहज वर वळत असेल, तर वाट पाहणे व पोटरी ताणण्याचे व्यायाम पुरेसे होतात. पांगुळगाडा मात्र बाजूला ठेवावा. घोटा आखडू लागला असेल, तर काही आठवडे क्रमाक्रमाने प्लास्टर बदलतात किंवा पट्ट्या बांधतात. याने न भागल्यास टाचेची कंडरा शस्त्रक्रियेने लांबवितात. या शस्त्रक्रियेला जुना इतिहास आहे. विल्यम लिटल या इंग्रज वैद्याचा बालपणीच्या आजाराने वाकडा झालेला पाय १८३६ साली जर्मनीत स्ट्रोमायर यांनी ही कंडरा कापून सरळ केला. मेंदूच्या पक्षाघाताचे सविस्तर वर्णन पुढे याच लिटल यांनी केले.

स्नायुक्षयाच्या रोग्यावर मात्र हीच शस्त्रक्रिया उलटू शकते. दुबळ्या मांड्यांवर तोल राखण्यासाठीच तो मुलगा चवड्यांवर उभा असतो. टाच टेकविली की त्याचे चालणेच थांबण्याचा संभव असतो. म्हणून निदानापूर्वी कंडरेला हात लावीत नाहीत.