‘शुश्रूषा’ व ‘परिचर्या’ : जालना जिल्ह्यातील रुग्णसेवेच्या संदर्भात

रुग्णसेवेसाठी मराठीत ‘शुश्रूषा’ आणि ‘परिचर्या’ हे दोन तत्सम शब्द समानार्थी म्हणून योजले जातात. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. ‘शुश्रूषा’ हे ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनलेले नाम असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ होय. शिष्याने गुरूचे ऐकावे, यातून आज्ञाधारकता आणि पुढे सेवा असा अर्थविस्तार झाला. (‘सुश्रुषा’ असे लिहिणाऱ्यांना त्यात ‘सु’ हा उपसर्ग दिसतो, तो तेथे नाही.) ‘परिचर्या’ शब्दात ‘चर्’ हा धातू आहे : सभोवार फिरणे, जवळ वावरणे. शासकीय परिभाषेने पदनामे बनविताना अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका असे शब्द घडविले. ‘शुश्रूषा’ मात्र ‘शुश्रूषागृह’ या इमारतीच्या नावात राहिली. ऐकणे हे कोणाच्याही पदनामात उरले नाही.

हा केवळ शब्दकोशाचा प्रश्न नव्हे. औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके घेऊन 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात मराठवाडी मराठी, दखनी उर्दू आणि बंजारा समाजाची गोरमाटी या बोली नांदतात. जालना शहरातील पोलाद कारखान्यांमुळे उत्तर भारतीय मजुरांच्या बोलींची त्यांत भर पडली आहे. रुग्ण आपले दुखणे या बोलींतच सांगतो, आणि ते बहुधा आडवळणाने सांगतो. ‘अंगावरून जाते’ असे एखादी बाळंतीण म्हणते, तेव्हा पांढरे की लाल, आणि लाल असल्यास किती, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ पूर्ण होत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक असल्यामुळे तो दुसरा प्रश्न विचारला गेला की नाही, यावर जीव अवलंबून असू शकतो. ‘पोटात दुखतंय’ हे प्रसूतीच्या कळांचेही वर्णन असते व अपचनाचेही. ‘जीव घाबरतो’ या तक्रारीमागे भीती असेल, रक्तातील साखर उतरलेली असेल किंवा हृदयविकारही असेल.

दुसरा प्रश्न विचारण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ परिचारिकांच्या संख्येवर अवलंबून असतो. भारतीय परिचर्या परिषदेचे सर्वसाधारण कक्षासाठीचे मानक अध्यापन-रुग्णालयात 3 रुग्णांमागे 1 व इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे 1 परिचारिका, शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव, असे आहे. हे आकडे सुखद वाटतात. परंतु दिवसाच्या तीन पाळ्या असल्यामुळे प्रत्यक्ष खाटेपाशी 3 चे 9 व 5 चे 15 होतात. म्हणजे पदे पूर्ण भरलेली असतानाही एका पाळीत एका परिचारिकेकडे 15 रुग्ण असू शकतात. पद रिक्त राहिले की हा भार आणखी वाढतो. जालन्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय अध्यापनाचे झाले की त्यास अधिक कडक मानक लागू होते. खाटा त्याच राहिल्या तरी अधिक परिचारिका लागतात.

भार वाढल्यावर प्रथम काय सुटते, याचे उत्तर इंग्लंडमधील 46 रुग्णालयांच्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिळते. आपल्या शेवटच्या पाळीत एखादे तरी आवश्यक काम राहून गेल्याचे 86 टक्के परिचारिकांनी सांगितले. राहिलेल्या कामांत सर्वांत वर होते रुग्णाशी बोलणे व त्याला धीर देणे : 66 टक्के. औषधे सहसा दिली जातात, कारण त्यांची नोंद होते. न ऐकलेल्या वाक्याची नोंद कोणत्याच तक्त्यात नसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी 2002 साली दाखविले, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी अधिक आढळते. या दोन निष्कर्षांतील कार्यकारणसंबंध सिद्ध झाला आहे, असे म्हणणे घाईचे होईल. ते शेजारी ठेवून वाचणे मात्र अनाठायी नाही.

भोकरदन, मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील उपकेंद्रात परिस्थिती निराळी असते. सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हे मानक आहे. तेथील आरोग्यसेविका घरोघर फिरते. ‘परिचर्या’ हा शब्द अक्षरशः जगणारी तीच. गावाची बोली तिला कळते, कोणत्या घरात ‘दिवस गेले’ आहेत हे ती उंबऱ्यावरूनच ओळखते. परंतु लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, कुटुंबनियोजन व साथरोग यांच्या नोंदवह्या तिलाच भराव्या लागतात, आणि तिची बदली झाली की ही ओळख कोणत्याही नोंदवहीतून पुढच्या सेविकेकडे जात नाही.

रुग्णालयात ही उणीव बहुधा रुग्णाचे नातेवाईक भरून काढतात. रात्रपाळीत खाटेजवळ बसलेली सासू किंवा बहीण हीच पहिली श्रोती असते. ‘अंगावरून जाते’ हे वाक्य आधी तिच्या कानी पडते. ते सिस्टरांना सांगण्याजोगे आहे की नाही, हेही तीच ठरवते.